मानाचा बॉल

माह्यं नाव प्रभाकर, पन त्या नावानं मले फक्त स्टील प्लांटच्या मिलमधला हाजरी घेनारा ओळखते. सेक्टर दोनमंधी कोनालेबी इचारा, लिफ्टर कुठं राहते म्हना, पोट्टे घरापावतर आनून सोडतीन. आता काई लोकं नाई सोडनार, दुरूनच बोट दाखवतीन आनि थुकतीन, ते बी खरं हाय, ते पुढं सांगतो. लिवाले आले न तुम्ही, बसा न जी. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय माह्यापेक्षा जास्त हालते, पलंगावर बसा.

आमी मूळचे भंडारा जिल्ह्यातले, तुमसरच्या तिकडचे. बाबा दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबत, मंग कोनी सांगतलं का भिलाईले मोठा कारखाना उभा होऊन राहिला, हाताले काम हाय आनि जात कोनी इचारत नाई, तर ते गाडीत बसले आनि आले. जात इचारत नाई हे अर्धंच खरं निघालं, पन काम होतं. मंग क्वार्टर भेटला, ह्याच सेक्टरात, आनि क्वार्टरासमोर मैदान. मैदान म्हंजे काय, दोन बांबू, मधात दोरी, आनि एक बॉल जो हवेपेक्षा जास्त पंक्चरनं भरलेला. तिथं मी शिकलो.

मी बुटका. आता बसलो हाय म्हनून तुम्हाले दिसून नाई राहिलं. जे उंच पोट्टे होते ते स्मॅशर झाले, नेटच्या वर उडून धाडकन मारनारे, पोरी त्याईलेच पाहत. बुटक्याले काय करता, तर लिफ्टर करा. व्हॉलीबॉलमंधी तीन हात असते एका बाजूले, म्हंजे तिसऱ्या हाताले बॉल पलीकडे गेला पाहिजे. पहिला हात बॉल झेलते, तिसरा मारते, आनि मधातला जो असते न, जो बॉल बोटाच्या टोकावर घेऊन मारनाऱ्याच्या समोर हवेत असा ठेवून देते का त्यानं फक्त उडून हात फिरवाचा, तो लिफ्टर. टाळ्या स्मॅशरले. मी काई रडत नाई त्याच्यासाठी. एक सांगतो, स्मॅशर मीच निवडतो. मले वाटलं तर त्याले बॉल देईन, नाई वाटलं तर दिवसभर उभा ठेवीन. राजा कोन मंग, सांगा तुम्हीच.

ह्याच खेळावर मले प्लांटमंधी घेतलं. त्या टायमाले खेळनाऱ्या पोट्ट्याईले घेत, आता कोनी पुसत नाई. बाबा तवापावतर रोज म्हने, बॉलानं पोट भरते का रे. ज्या दिवशी नोकरीचं कळलं त्या दिवशी त्याईनं माह्ये बूट अंगनात पडले होते ते उचलून आतमंधी नेऊन ठेवले. आमच्या घरात एवढंच कौतुक होये. ते कौतुक मले अजून पुरून राहिलं.

मंग लग्न झालं, सुनंदासंग, डोंगरगडची, तिचे बाबा रेल्वेत. तिच्या मागं तिचा भाऊ देवानंद आला, माहा साळा, शिकाले म्हनून आमच्याचकडे राहाले. काटकुळा, उंच, नुसता बांबू. बहिनीच्या हातचं जेवला आनि माह्या हाताखाली उडाले शिकला. खरं सांगतो, त्याले मी केलं. डाव्या पायावर उडाचं, कोपऱ्यातून यायचं, बॉल पाहाचा नाई, माह्ये खांदे पाहाचे, हे सारं मी त्याले शिकवलं. आनि तो मारे बी असा का समोरचे लोकं तोंड फिरवत. फक्त त्याची एक सवय होती. बॉल बाहेर गेला का खाली उतरता उतरता म्हने, भाऊजी, ऊंच होता थोडा. प्रत्येक टायमाले. स्वतः चुकला तरी बॉल ऊंच. मी म्हनो, अबे ऊंच नव्हता, बरोबर होता, तूच आळशी हाय. सारं मैदान हासे. हे आमचं वर्षानुवर्षं चाललं. त्याले बी नोकरी भेटली, दोन गल्ल्या सोडून क्वार्टर भेटला, टीमचा कॅप्टन बी झाला, पन मधातला हात माहाच.

आता तुम्हाले मानाचा बॉल सांगतो, नाईतर पुढचं समजनार नाई.

आमच्याकडे बाबासाहेबाईच्या जयंतीले टुर्नामेंट होते. इकडल्या साऱ्या टीमा येतात, सेक्टरातल्या, सुपेल्याच्या, हुडको कॉलनीच्या, रेल्वेवाल्याईची बी येते. त्याच्यात एक पद्धत हाय. जुना खेळाडू खेळ सोडून राहिला असला तर त्याच्या आखरीच्या मॅचमंधी पहिली सर्व्हिस त्याले देतात, आनि समोरची टीम त्या बॉलाले हात लावत नाई. हात मागं बांधून उभे राहतात, बॉल पडू देतात. तो पॉइंट मोजत नाई. मंग शाल घालतात, माइकवर चार शब्द, टाळ्या, आनि तो मानूस खुर्चीवर. याले म्हनतात मानाचा बॉल. मी कितीतरी लोकाईचा असा बॉल पडू देल्ला हाय, हात मागं बांधून. तवा वाटे, वा, किती चांगली पद्धत.

मागच्याच्या मागच्या जयंतीची गोष्ट. माहं वय तवा चोपन्न. पहिली मॅच सेक्टर सहासंग. देवानंद बॉल घेऊन आला आनि म्हने, भाऊजी, आज सुरुवात तुम्ही करा. मी म्हन्लं ठीक हाय. सर्व्हिस मारली. आनि काय मारली सांगू तुम्हाले, नेटले चाटून गेली, मागच्या लाइनवर पडली, कोनी हाललं नाई. मले वाटलं हाललेच नाई कारन समजलीच नाई कोनाले. मी दोनी मुठी आवळल्या आनि असा बोंबललो, असा बोंबललो, पोट्ट्यासारखा उड्या मारल्या. साऱ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या, मी अजून उडलो. आनि मंग मले दिसलं का समोरच्या साऱ्याईचे हात मागं बांधलेले हाय.

उड्या मारता मारता समजलं. दोन उड्या तर समजल्यावर बी मारल्या, पाय थांबलेच नाई न.

मागं वळून पाहिलं तर देवानंद शाल घेऊन उभा. मरून रंगाची. माइकवाला बोलून राहिला का आपले ज्येष्ठ खेळाडू आज मैदानाचा निरोप घेऊन राहिले. मी घेऊन राहिलो? मलेच माहीत नाई! आनि पहिल्या लाइनीत सुनंदा, नवं लुगडं नेसून, हातात फुलं. तिचे डोळे पाहिले तवा समजलं का हिले माहीत होतं. मंग मले घरी कळलं, शाल तिनंच सुपेल्याच्या बजारातून आनली होती. म्हने, बाकीचे फिकी आनत होते, तुम्हाले गडद रंग शोभते म्हनून मी निवडली. घ्या. मेल्या मानसाले बी इचारत नाई का कफनाचा कोनता रंग पाहिजे, तसा हिनं माहा निवडला.

देवानंदनं शाल माह्या खांद्यावर टाकली आनि कानात म्हने, भाऊजी, राग नका मानू, तुमचे हात अजून सोन्याचे हाय, पन तुम्ही आता बॉलाखाली पोचत नाई. आमी सारे तुम्हाले बॉल आनून देऊन राहिलो, तुम्हाले समजून नाई राहिलं. नितीनले मधात येऊ द्या.

नितीन म्हंजे आमच्याच टीममधला पोट्टा, पंचवीस-सव्वीसचा, ठेक्यावर काम करते मिलमंधी. कितीक वर्षापासून बाहेर बसून माह्या घामाचा रुमाल सांभाळे. हात चांगले हाय त्याचे. डोकं नाई. पन पाय हाय, आनि माह्याजवळ पाय नव्हते, हे देवानंदचं म्हननं खरं होतं. खरं होतं म्हनूनच जास्त झोंबलं. खोटं असतं तर मी हासलो असतो.

मी शाल काढली. बरोबर घडी केली, नेटच्या खांबावर ठेवली. पंचाले म्हन्लं, पॉइंट कोनाचा? तो म्हने, काका, हा तर मानाचा असते, मोजत नाई. मी म्हन्लं, बॉल लाइनीत पडला का नाई? पडला. मंग मोज. तो इकडे पाहे, तिकडे पाहे. मी बॉल पोटाशी धरून उभा, म्हन्लं मोजत नाई तवापावतर देत नाई. शेवटी त्यानं मोजला. एक-शून्य. मंग मी दुसरी सर्व्हिस मारली, आनि ते मॅच आमी जिंकलो, मी मधात होतो आनि जिंकलो. कोनी टाळी नाई वाजवली.

घरी सुनंदा म्हने, अवो, किती मोठं मन करून पोट्ट्याईनं केलं, तुम्ही शाल खांबावर ठेवली, जशी ओली चादर. मी म्हन्लं, तूच का नाई सांगतलं मले? तर म्हने, सांगतलं असतं तर तुम्ही आले असते का? मी म्हन्लं नसतो आलो. मंग? असं म्हने आनि भाकर वाढली. पोरीले पुन्याले फोन लावला तिनं, पोरगी म्हने, पप्पा, अब बस भी करो ना, लोग हँसते हैं. मी म्हन्लं कोन हासते, नाव सांग. तर म्हने, मम्मीले फोन द्या.

आता इथून पुढं ऐका.

सेमीफायनल होती, संध्याकाळची, सारा सेक्टर जमा. टीममधून मले काढता येत नव्हतं, ही टीम उभी करनाऱ्यात मीच पहिला, कोन काढीन. मी मधात उभा राहिलो. पहिला बॉल आला, पास चांगला आला, मी बोटावर घेतला आनि देवानंदच्या कोपऱ्यात ठेवला. असा ठेवला का आंधळ्यानं बी मारला असता. देवानंद उडला नाई. उभा राहिला. बॉल आमच्याच बाजूले पडला, टप्प.

मले वाटलं त्याचा पाय घसरला असन. दुसरा बॉल दुसऱ्याले देल्ला, तो बी नाई उडला. तिसरा पुन्हा देवानंदले. नाई. ते पाहत बी होते बॉलाकडे, असं नाई का पाहत नव्हते, मान वर करून पाहत आनि पडू देत. समोरची टीम हासाले लागली. मंग प्रेक्षकात कोनीतरी हासलं, मंग सारे. लिफ्टर म्हंजे काय जी, मारनारा उडला तर लिफ्टर, नाई उडला तर एक बुटका म्हातारा जो बॉल वर फेकून राहिला. एवढ्या वर्षात मले हे कोनी सांगतलं नव्हतं, त्या संध्याकाळी माह्याच पोट्ट्याईनं सांगतलं.

मी बाहेर गेलो असतो तर नितीन आला असता आनि मॅच अजून जिंकता आली असती. सारे वाट पाहत होते का म्हातारा आता जाते, मंग जाते. मी नाई गेलो. दुसऱ्याच हातावर बॉल पलीकडे ढकलाले लागलो, एकटाच, काई पॉइंट आले बी. हारलो. शिट्टी वाजली तवा देवानंद माह्याजवळून गेला आनि म्हने, आता तरी समजलं का भाऊजी. मी म्हन्लं, समजलं.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली आनि हुडकोले गेलो.

हुडकोची टीम म्हंजे कचरा. कोनी भाजीवाला, कोनी रिटायर झालेल्याचा पोरगा. त्याईचा कॅप्टन साहू, छत्तीसगढी मानूस, त्याले म्हन्लं, लिफ्टर पाहिजे का? तो आधी उठून उभा राहिला. म्हने, कका, हमर टीम म आ जा, फेर तोर सेक्टर वाले मन का कइहीं? मी म्हन्लं, सेक्टरवाले काय म्हनतीन ते म्हनू दे, तू रोज संध्याकाळी ये. वर्षभर मी त्या पोट्ट्याईले रगडलं. ज्याईले उडता नाई येत त्याईले खालचा बॉल देल्ला, ज्याले मारता नाई येत त्याले ढकलाले शिकवलं. मी बॉलाखाली पोचत नव्हतो न, मंग त्याईले शिकवलं का पास माह्या डोक्यावरच आला पाहिजे, मी हालनार नाई, तुम्ही हाला. घरी सुनंदा जेवाले वाढे, पन खेळाचं नाव काढत नव्हती. शाल कपाटात होती. मी एक दिवस म्हन्लं, देऊन टाक कोनालेतरी. ती म्हने, राहू द्या, कामी येईन.

मंग मागची जयंती आली आनि आमी हुडकोवाले सेक्टर दोनच्या समोर उभे राहिलो. मधात त्याईच्याकडे नितीन, कोपऱ्यात देवानंद.

आता हे जे सांगतो हे लिवा बरोबर, कापू नका. देवानंदचा उजवा गुडघा मले माहीत होता. तो कवा दुखते, किती वाकल्यावर दुखते, पट्टी कुठून बांधाची, सारं. कितीतरी टाइम मीच बांधली पट्टी. मी पोट्ट्याईले सांगतलं, प्रत्येक सर्व्हिस देवानंदच्या समोर, आखूड टाका. त्याले वाकून उचलू द्या, मंग उठून पळू द्या, मंग उडू द्या. पॉइंट गेला तर जाऊ द्या. त्याले वाकवा.

त्यानं दुसऱ्याच सेटमंधी ओळखलं. नेटच्या पलीकडून माह्याकडे पाहिलं. बाहेर जाऊन बसता आलं असतं त्याले, कॅप्टन होता, वय बी पंचेचाळिशीचं. नाई गेला. तो बी माह्याच हाताखाली शिकलेला न. तिसऱ्या सेटमंधी नितीननं त्याले बॉल देल्ला, थोडा मागं पडला, देवानंद तरी उडला, मारला, आनि खाली आला तवा गुडघा आतल्या आत फिरला. आवाज मले आला, नेटच्या ह्या बाजूले. सुक्या फांदीचा असते तसा. तो ओरडला नाई, त्याची बहीन ओरडली, माही बायको, पहिल्या लाइनीतून. धावत आली आनि माह्यासमोरून गेली, माह्याकडे पाहिलं नाई.

मॅच आमी जिंकलो. हुडकोच्या पोट्ट्याईनं मले उचललं आनि नाचवलं.

तुम्ही असे पाहून राहिले मले का आता मी म्हनन, चूक झाली. नाई म्हनत. त्यानं मले उभ्या मैदानात मारलं, मी त्याले खेळात मारलं. नियमात मारलं. सुनंदा भावाकडे राहाले गेली, चार दोन महिने तिकडेच होती, ऑपरेशन, मालिश, सारं. परत आली तवा मी चाय केली तिच्यासाठी. तिनं पेली. म्हने, साखर कमी हाय. तेवढंच.

आनि ह्या जयंतीले काय झालं ते सांगतो, मंग तुम्ही जा, मले संध्याकाळी मैदानावर जाचं हाय.

देवानंदचा गुडघा बसला, पन उडनं संपलं त्याचं. त्याचा मानाचा बॉल ठरला. त्यानंच सांगतलं म्हने, मॅच हुडकोसंगच ठेवा. कशाले, ते मले कोनी नाई सांगतलं. मी मधात उभा, माह्ये सारे पोट्टे हात मागं बांधून. सुनंदा पहिल्या लाइनीत, तिच्या मांडीवर शाल, मरून रंगाची, तीच. कामी आली.

देवानंद लंगडत लाइनीवर गेला. त्यानं खालून सर्व्हिस टाकली, पोरी टाकतात तशी, सरळ माह्याकडे आली. सारं मैदान टाळ्याईच्या तयारीत. मले माहीत होतं पद्धत काय हाय. पन बॉल येऊन राहिला आनि मले त्या दिवशीच्या माह्या उड्या दिसल्या, हात मागं बांधलेले ते लोकं दिसले. मी उचलला. बोटावर घेतला आनि नेटच्या पलीकडे, त्याच्याच कोपऱ्यात, वर ठेवला, जसा सारी उमर ठेवला तसा. मान म्हनून का सूड म्हनून, मले इचारू नका. दोनी होतं.

बॉल वर गेला आनि देवानंद लाइनीवरून निघाला. लंगडत नाई, धावत.  त्याचा डावा पाय पडला, हात मागं गेले, खांदा उघडला, सारं अंग वर जाचं म्हनून ताठलं, आनि ते गेलंच नाई वर. तिथंच उभा राहिला, हात अर्धा उचललेला. बॉल त्याच्या समोर पडला.

मंग लोकाईनं मले ज्या शिव्या देल्या, त्या मी इथं नाई सांगत, बाईमानूस आतमंधी हाय. कोनी चप्पल फेकली. नितीन नेटले लटकून बोंबलत होता, शरम नाई का काका. देवानंद वाकला, त्याच गुडघ्यावर, बॉल उचलला, नेटपाशी आला, जाळीतून माह्याकडे पाहिलं. डोळ्यात पानी होतं त्याच्या, आनि म्हने,

भाऊजी, ऊंच होता थोडा.

मी म्हन्लं, ऊंच नव्हता. बरोबर होता.

मंग सुनंदानं येऊन त्याले शाल घातली. तो खुर्चीवर बसला आनि मॅच सुरू झाली. आमी हारलो त्या दिवशी, नितीननं हारवलं, डोकं येऊन राहिलं त्याले हळूहळू. त्यानंतर सेक्टरात माह्यासंग जयभीम करनारे दोन-चारच राहिले. देवानंद मैदानाच्या काठावर खुर्ची टाकून बसते रोज, मी हुडकोतून येतो खेळून तवा त्याच्यासमोरून येतो, तो मान हालवते, मी बी हालवतो. घरी येत नाई तो. सुनंदा त्याच्याकडे एकटी जाते.

मी खेळतो अजून. हात चालून राहिले तवापावतर खेळीन, मंग हात मागं बांधाले मले कोनी पाहिजे नाई, मी आपलाच जाईन. खुर्ची घेऊन त्याच्या बाजूले बसीन, त्यानं बसू देल्लं तर. तुम्ही पोट्टे हाय अजून, पायऱ्या उतरताना भिंतीले धरू नका, सवय लागते. चला, जयभीम. तुमचे गुडघे शाबूत राहोत.